बाद झालेली अडुसष्ट

शर्यतीच्या मंडळाने त्या हिवाळ्यात नियम काढला की पुढच्या हंगामापासून गाड्या आखूड हव्यात. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पाच इंच कमी. पाच इंच म्हणजे वीतभरसुद्धा नाही. तेवढ्यापायी उत्तर कॅरोलिनातल्या शेडाशेडांतून उभ्या असलेल्या गाड्या एका कागदाने भंगार झाल्या. गाडीला गंज नाही, बिघाड नाही, इंजिन वाघासारखं गुरगुरतंय, आणि फाटकावरचा माणूस म्हणतो, लांब आहे, परत न्या.

श्रीमंत संघांना काय, त्यांनी नव्या गाड्या बांधायला घेतल्या. मेले ते कोडल क्रीकच्या बॉयस ओव्हरकॅशसारखे, घराच्या मागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने पाइप वाकवून गाडी बांधणारे. बॉयसकडे पाच गाड्या होत्या. एक अलाबामाला गेली, मातीच्या ट्रॅकवर पोरासोरांच्या धडका खायला. एक जॉर्जियात सिनेमावाल्यांनी नेली, पुलावरून नदीत टाकायला. एकीचा सांगाडा शाळेने नेला, मुलांना वेल्डिंग शिकवायला. चौथी शेजारच्या फेरिस लिंगलने घेतली आणि तिचं सरळ कोंबड्यांचं खुराडं केलं. तिच्या दारावर अजून बॉयसच्या गाड्यांना पैसा पुरवणाऱ्या तपकिरीच्या कंपनीचं नाव आहे आणि ड्रायव्हरच्या जागेवर एक तांबडी कोंबडी अंडी घालते. फेरिस म्हणतो, आधीच्या ड्रायव्हरांपेक्षा हिचं काम चोख.

या चारही गाड्या देताना बॉयसने हूं की चूं केलं नाही. राहिली पाचवी, अडुसष्ट नंबरची. ती मागायला दोघं-तिघं आले, त्यांना त्याने दारातूनच परत लावलं. ती विकायची नाही, द्यायची नाही, शनिवारी गॅसकटरने कापून तुकडे भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये टाकायचे, असं तो म्हणाला. ही बातमी फेरिसने पेट्रोल भरता भरता हॉयट ट्रेक्सलरच्या कानावर घातली. मुद्दाम घातली. फेरिसला दुसऱ्याच्या घरातला धूर बघायला फार आवडतो.

हॉयट हा बॉयसचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, व्हर्लीनचा, धाकटा भाऊ. आता चौरस्त्यावर पेट्रोलपंप चालवतो, पण सहा वर्षांपूर्वीपर्यंत अडुसष्टच्या आत बसायचा. आयुष्यात त्याने मोठी शर्यत एकच जिंकली, सँडी रिजची, आणि त्या एका विजयावर तो आजतागायत जेवत होता. पंपावर कोणी पाच मिनिटं थांबलं की ती गोष्ट सुरू. शेवटच्या फेऱ्या उरल्या होत्या, सगळ्यांच्या टाक्या तळाला गेल्या होत्या. बॉयस कठड्यावर उभा राहून खडूने लिहिलेली पाटी नाचवत होता, ‘आत ये’, म्हणजे थांब आणि पेट्रोल घे. पुढचे सगळे एकेक करून आतल्या गल्लीत वळले. हॉयट वळला नाही. त्याने पाय हलका केला. पेडलखाली कोंबडीचं अंडं ठेवलंय असं समजून त्याने उरलेल्या फेऱ्या मारल्या, रेषा ओलांडली, आणि पुढच्याच वळणावर इंजिन खोकून बंद पडलं. बक्षीस घ्यायला गाडी ढकलत न्यावी लागली. एवढं सांगून तो उजवा पाय जरा पुढे करायचा, लोकांनी बघावा म्हणून. बूट साधाच होता.

गोष्टीत दर वेळी एक वाक्य ठरलेलं असे: “दाजींचं ऐकलं असतं ना, तर सातवे आलो असतो!” समोर बॉयस बसलेला असला तरी असे. नाताळच्या जेवणात असे, चर्चच्या सहभोजनात असे, बॉयसच्या आईच्या मयताला जमलेल्या लोकांतही त्याने ते म्हटलं होतं. बॉयस त्यावर कधी काही बोलला नाही. फक्त त्या शर्यतीनंतर दोन वर्षांनी त्याने हॉयटला आपल्या सगळ्या गाड्यांतून काढलं आणि तेव्हापासून दोघांत नमस्कार-चमत्कारही उरला नव्हता.

कापणार हे ऐकताच हॉयटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंप तसाच फेरिसच्या भरवशावर टाकून तो ट्रक काढून बॉयसच्या शेडवर गेला.

बॉयस कटरची नळी सोडवत बसला होता. मागे अडुसष्ट उभी होती, धुळीने माखलेली. तिचं इंजिन केव्हाच काढलं होतं. त्या विजयानंतर ती पुन्हा पळालीच नव्हती; तपकिरीच्या कंपनीने तिला जत्रांतून आणि दुकानांच्या उद्घाटनांतून मिरवलं, मग कंपनीलाही कंटाळा आला.

“कापतोयस म्हणे,” हॉयट म्हणाला.

बॉयसने वर बघितलं नाही. “बरोबर ऐकलंस.”

“बाकीच्या विकल्यास. एक कोंबड्यांना दिलीस. आणि जिंकलेली तेवढी कापणार?”

“माझी गाडी आहे.”

“जिंकली मी!”

“जिंकते ती गाडी, हॉयट. तू आत बसला होतास.”

“मी आत बसलो होतो म्हणून जिंकली! तू तर पाटी घेऊन माकडासारखा नाचत होतास. तुझं ऐकलं असतं तर...”

“सातवे आलो असतो,” बॉयस म्हणाला. “पाठ आहे मला. माझ्या कुत्र्यालाही पाठ आहे.”

“मग कापतोयस कशाला? जळतोस तू माझ्यावर. सहा वर्षं जळतोयस. लोक माझं नाव घेतात, तुझं घेत नाहीत, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या.”

बॉयसने हातातली नळी खाली ठेवली. तो उंच, हाडकुळा माणूस. रागावला की त्याचा आवाज चढण्याऐवजी खाली जायचा. “एक दिवस दे मला,” तो म्हणाला. “माझं जे काय तिच्यात आहे ते काढून घेतो. मग उरलेली खुशाल घेऊन जा, डोक्यावर घेऊन नाच.”

यात वावगं काही नव्हतं. गाडी बांधणारा कोणीही असो, विकण्याआधी ती ‘धुवून’ देतोच. धुवून म्हणजे पाण्याने नव्हे. कुठे एखादं वजन दडवलेलं असतं, कुठे पत्रा नियमापेक्षा पातळ असतो, कुठे तपासनीसाच्या नजरेस न पडणारी एखादी करामत असते. ते सगळं काढून घ्यायचं आणि मग किल्ली द्यायची. सुगरण पदार्थ वाढते, मसाला सांगत नाही, तसंच. याला तिकडे कोणी लबाडी म्हणत नाही. पकडला गेला तो मूर्ख, आणि ज्याची करामत चाललीच नाही तो त्याहून मूर्ख, एवढाच तिथला न्याय. हॉयटला हे सगळं ठाऊक होतं. पण प्रत्येक गाडीत काही ना काही असतं हे मान्य केलं, तरी हॉयटच्या लेखी अडुसष्टमध्ये फक्त हॉयट होता.

“एक दिवस कशाला? मोडून ठेवायला?” तो म्हणाला. “त्या दिवशी होती तशी पाहिजे मला. एक बोल्ट हलता कामा नये.”

“ऐक माझं.”

“तुझं ऐकून कोणाचं भलं झालंय?”

बॉयस उठला. हॉयटने बाजूचा पाना उचलला. पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये, एकाच्या कमरेत उसण, दुसऱ्याला धाप, पण कोणी मागे सरेना. तेवढ्यात स्वयंपाकघराचं जाळीचं दार आपटलं आणि व्हर्लीन अंगणात आली, हाताला मक्याचं पीठ तसंच.

“तुमचा आवाज पार चर्चपर्यंत जातोय,” ती म्हणाली. “हॉयट, ठेव तो पाना. ठेव म्हणते ना!”

“तुझ्या नवऱ्याला सांग...”

“तुम्ही दोघं मेलात तर मी एकीकडे तुम्हाला पुरेन आणि दुसरीकडे सुखाने झोपेन. सहा वर्षं ही गाडी माझ्या जेवणाच्या टेबलावर उभी आहे. बॉयस, देऊन टाक त्याला. आत्ता. ट्रकवर चढव आणि काढ माझ्या अंगणातून.”

“तुला ठाऊक नाही, व्हर्लीन, त्या गाडीत...”

“मला ठाऊक करून घ्यायचंही नाही.”

बॉयसने बायकोकडे बघितलं, मग हॉयटच्या हातातल्या पान्याकडे. त्याच्या मनात बरंच काही होतं, ते दिसत होतं, पण हॉयटसमोर ते ओठावर आणणं त्याच्याने होईना. शेवटी तो एवढंच म्हणाला, “ने. टायरवर उभी कर. हवं तर फुगे लाव. पण खांबावर चढवू नकोस आणि तिच्या सांगाड्याला भोकं पाडू नकोस.”

“माझ्या गाडीला मी काय करायचं ते तू नको सांगूस.”

“बरं,” बॉयस म्हणाला. “मग पाड.”

हॉयटने घरी जाताना ठरवूनच टाकलं की गाडी खांबावरच चढवायची. आधी तसा विचारही त्याच्या मनात नव्हता, तो बॉयसने घातला. काही माणसं अशी असतात की त्यांना विहिरीपासून सांभाळ म्हटलं की आधी जाऊन वाकून बघतात, आणि हॉयट त्यांतला शिरोमणी. चार लोखंडी खांब, वर गाडी, तिच्यावर दिवे, म्हणजे हमरस्त्यावरून जाणाऱ्याला लांबूनच दिसेल. पंपाचं नावही बदलून ‘अडुसष्ट’ करायचं त्याच्या मनात होतं. खांब घट्ट बसायला गाडीच्या तळाशी, दोन्ही बाजूंना जे जाड पोलादी पाइप जातात, त्यांना भोकं पाडून बोल्ट घालावे लागणार होते.

आणि हे सगळं बघायला त्याने डेल्मस कर्कला बोलावलं.

डेल्मस म्हणजे त्या शर्यतीत दुसरा आलेला. सगळ्या शर्यतीत तोच पुढे होता, शेवटी पेट्रोल घ्यायला आत वळला आणि हरला. आता शेजारच्या परगण्यात जुन्या गाड्या विकतो. जाडजूड, कायम तोंडात चिरूट, आणि मनात धरून ठेवण्यात कोणाला हार न जाणारा. हॉयटने त्याला प्रेमाने बोलावलं नव्हतं. ज्याच्या जखमेवर मीठ चोळायचं तो समोर नको का?

डेल्मस आला. हॉयटने त्याला लिव्हरमशचं सँडविच दिलं. डुकराच्या काळजाची आणि मक्याच्या पिठाची ती वडी तव्यावर चुरचुरीत भाजली की डेल्मस वैर तेवढ्यापुरतं बाजूला ठेवतो.

“इतकी लहान होती का रे ही गाडी?” खाता खाता तो म्हणाला.

“तुला मागूनच बघायची सवय,” हॉयट म्हणाला. “मागून मोठी दिसते.”

“बोल, बोल. आज तुझा दिवस आहे.”

“तू वळलास तेव्हा मी आरशात बघत होतो. म्हटलं, बिचारा. टाकी भरून घेतोय. मी मात्र पाय असा...”

“अंड्यावर. माहीत आहे. ते अंडं सडलं आता, हॉयट.”

“सडेना का. उबवलं तर मीच ना!”

असं म्हणून हॉयट ड्रिल घेऊन गाडीखाली सरकला. पाइप जाड होता. ड्रिल कुरकुरत राहिलं, मग एकदम आत गेलं. हॉयटने ते बाहेर ओढलं आणि त्याच्यामागून बारीक धार त्याच्या मनगटावर आली. आधी त्याला पाणी वाटलं, मग वास आला. व्हार्निशसारखा आंबट, डोक्यात जाणारा वास, बंद डब्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या पेट्रोलचा.

त्याने ड्रिल फेकून दिलं आणि खरडत बाहेर आला. डेल्मसने आधी हातातला जळता चिरूट लांब रस्त्यावर भिरकावला. मग तो गुडघ्यांवर बसला, त्या धारेत बोट धरलं, हुंगलं, आणि गाडीच्या तळाकडे बघत राहिला. पेट्रोलची टाकी तिकडे मागे. हा पाइप इकडे मधे. पाइप हा गाडीचं हाड. हाडातून पेट्रोल येतं तेव्हा ते आपणहून तिथे गेलेलं नसतं.

डेल्मस हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. “अंडं!” तो म्हणाला. “अंडं पेडलखाली नव्हतं रे, इथे होतं! वेगळी टाकीच होती! अरे देवा, आणि तू सहा वर्षं पाय दाखवत फिरतोयस!”

“मला माहीत नव्हतं,” हॉयट म्हणाला. “शपथ, डेल्मस, मला...”

“माहीत नव्हतं हे तर सगळ्यांत भारी!” डेल्मसने उरलेलं सँडविच तोंडात कोंबलं, डोळे पुसले आणि गाडीत बसून निघाला. चौरस्त्यावर तो घराकडे वळला नाही, कोडल क्रीककडे वळला.

हॉयटने बादली आणून धारेखाली लावली. धार थांबेचना. तो तिथेच उकिडवा बसून बघत राहिला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण जिंकलोच नव्हतो. आपला पाय म्हणजे इतर कोणाही ड्रायव्हरचा पाय, बूट काढला की घाणेरडा. बादली पार काठाला आली, थोडं खाली सांडलं, तेव्हा कुठे धार थेंबांवर आली. हमरस्त्यावर एक ट्रक पंपाकडे वळताना दिसला. कोणी बघायच्या आत लपवावं एवढाच विचार त्याच्या डोक्यात आला. त्याने बादली उचलली, धावत मागच्या ओढ्याकाठी नेली, कचरा जाळायच्या खड्ड्यात ओतली आणि लांबून काडी टाकली. एकदम भडका उठला आणि विझला. मग तो ट्रकमध्ये बसला. आज बॉयसला मारायचं, मग व्हर्लीन काय म्हणायची ती म्हणो.

पण बॉयसच्या अंगणात आधीच पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. डेल्मस तर होताच, फेरिस लिंगल होता, सँडी रिजला शर्यतीत धावलेले दोन म्हातारे ड्रायव्हर होते. शेडचं दार सताड उघडं होतं आणि सगळे बॉयसभोवती गोळा झाले होते. हॉयटला वाटलं होतं, डेल्मस बॉयसच्या नरडीला हात घालेल. डेल्मसने त्याचा हात हातात घेतला होता आणि तो सोडत नव्हता.

“सहा वर्षं, बॉयस,” तो सांगत होता, “सहा वर्षं मला झोप नाही. का? तर मी ह्या गाढवाकडून हरलो. आज कळलं, तुझ्याकडून हरलो होतो. त्यात काय लाज? तुझ्याकडून हरायला मी कधीही तयार आहे!”

“हा आला बघा,” फेरिस म्हणाला. “या, पायवाले, या!”

सगळे खदाखदा हसले. हॉयट गर्दीतून घुसून बॉयससमोर उभा राहिला. त्याची मूठ वळलेली होती, पण ती उचलायला जागाच नव्हती. जो तो बॉयसच्या खांद्यावर हात टाकून होता.

“मला का नाही सांगितलंस?” तो ओरडला.

“तुला सांगितलं असतं,” बॉयस म्हणाला, “तर रविवारी पाद्र्याने चर्चमध्ये घोषणा केली असती.”

पुन्हा हशा. बॉयसचा चेहरा हॉयटने इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. गालावर रंग चढला होता. तो भराभर बोलत होता, हातवारे करत होता, मुका माणूस बोलायला लागावा तसा. पाइप दोन्हीकडून कसा बंद केला, त्याच्यातून केसाएवढी नळी मुख्य टाकीकडे कशी नेली, टाकी तळाला गेली की आतला तरंगता गोळा खाली बसतो आणि नळीचं तोंड आपोआप उघडतं. ड्रायव्हरने काहीच करायचं नाही. ड्रायव्हरला काही करायला लावलं तर तो घोटाळा करणारच.

“आणि पाटी?” डेल्मसने विचारलं. “मी स्वतः वाचली ती पाटी. ‘आत ये’. ती बघूनच मला वाटलं, ह्याचं पेट्रोल संपलं, आता बिनधोक आत वळावं.”

“तुझ्यासाठीच होती. त्याच्यासाठी कुठे होती?”

“आणि हा खरंच आत आला असता तर?”

“कोण, हॉयट? सांगितलेलं ऐकून?” बॉयस म्हणाला. “मी म्हटलं, बाहेर राहा असं लिहिलं तर हा हमखास आत येईल. म्हणून ‘आत ये’ लिहिलं.”

फेरिस तर हसून हसून खालीच बसला. हॉयटच्या कानशिलांत घण पडत होते. त्याला रडूही येत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. “हसा,” तो म्हणाला. “हसा! तुमच्या त्या नळीने माझं वाटोळं केलं. बादली काठोकाठ भरली तरी थांबत नव्हती. माझं तोंड काळं करायला बादलीभर पेट्रोल साठवून ठेवलं होतं यानं!”

बॉयस हसता हसता थांबला.

बाकीच्यांच्या ते ध्यानात आलं नाही. त्याने हॉयटचा दंड धरला आणि त्याला मागच्या बाजूला, पाइप वाकवायच्या यंत्रापाशी नेलं. त्याची बोटं हॉयटच्या दंडात रुतत होती.

“किती निघालं?” त्याने हळू विचारलं.

“सांगितलं ना. बादलीभर.”

“कुठली बादली?”

“पंपावरची. मोठी.”

“काठापर्यंत?”

“वर सांडलं थोडं. काय करायचंय तुला?”

बॉयसचा रंग उतरला. “पाइपात तेवढंच मावतं,” तो म्हणाला. म्हणाला म्हणजे तोंडातून निघून गेलं. आणि मग त्याने हॉयटकडे असं बघितलं, की बोललो ते परत तोंडात घालता आलं तर बरं.

हॉयटला हिशोब कधी जमला नाही, पण हा त्याला जमला. वेळ लागला, पण जमला. पाइपात मावतं तेवढं सगळं पाइपातच होतं. गाडी त्या दिवसानंतर पळालीच नव्हती. म्हणजे गोळा अडकला असेल, नळी तुंबली असेल, काहीही असेल, तोंड उघडलंच नव्हतं. थेंबसुद्धा इंजिनात गेला नव्हता. त्या शेवटच्या फेऱ्या अडुसष्टने खरोखर रिकाम्या टाकीवर मारल्या होत्या. वळणावर ती खोकून बंद पडली ती पाइप संपला म्हणून नव्हे, टाकी संपली म्हणून.

“पाय,” हॉयट म्हणाला. त्याचा आवाज फाटला. “पायच होता. बॉयस! माझा पायच होता!”

बॉयसने मागे वळून पुढच्या घोळक्याकडे बघितलं.

“तुझी नळी चाललीच नाही!”

“हळू बोल.”

“कशाला हळू? सांग त्यांना! चल, आत्ता सांग!” आता तोच बॉयसला ओढायला लागला. त्याला इतका आनंद झाला होता की त्या घटकेला त्याने बॉयसला सगळं माफ केलं असतं, पाटी, नळी, सगळं. “तू सांगितलंस तर ऐकतील. माझं नाही ऐकणार. तूच बांधलीस, तुलाच ठाऊक किती मावतं ते. सांग, दाजी.”

दोघं पुढे आले. डेल्मसने नवा चिरूट पेटवला होता. “काय खलबतं चाललीत?” त्याने विचारलं. “काय म्हणतोय तो?”

बॉयसने खिशातलं फडकं काढून हात पुसले. हात स्वच्छच होते. सगळे त्याच्याकडे बघत होते; तोच फेरिस, तेच म्हातारे, जे सहा वर्षं चर्चच्या जेवणात त्याच्या बाजूला बसून हॉयटचा पाय बघत आले होते. उद्या हे लोक घरोघर सांगणार होते की कोडल क्रीकच्या बॉयस ओव्हरकॅशने अशी करामत केली की आख्खं मंडळ फसलं. किंवा सांगणार होते की त्याने करामत केली आणि ती चाललीच नाही.

“म्हणतोय, पाइपात थोडं उरलं होतं,” बॉयस म्हणाला. “पेलाभर.”

“खोटं!” हॉयट किंचाळला. “बादली भरली होती! काठोकाठ! खोटं बोलतोय हा!”

“मग दाखव बादली,” डेल्मस म्हणाला. “मी होतो तोवर तर बोटभर धार होती.”

“ती... ती मी जाळली.”

“जाळली?”

“ओढ्यावर. कोणी बघू नये म्हणून.”

हसणं जे उठलं ते शेडच्या पत्र्यावर आदळून खाली आलं. एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. फेरिस म्हणाला, “आता म्हणेल, पायानेच विझवली!” हॉयट प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत गेला. अरे, मी खरं सांगतोय, असं तो म्हणत राहिला, पण ज्याने एकच गोष्ट सहा वर्षं सांगितली त्याची दुसरी गोष्ट ऐकायला कोण तयार होणार? शेवटी तो बॉयसपाशी थांबला. बॉयसच्या डोळ्यांत लाज असेल, निदान तो नजर तरी चुकवेल, असं त्याला वाटलं होतं. बॉयसने नजर चुकवली नाही. त्याने एक खुर्ची पायाने पुढे सरकवली.

“सहा वर्षं मी ऐकलं, हॉयट,” तो म्हणाला. “आता तू ऐक.”

आणि डेल्मसकडे वळून त्याने पाइपची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.